कथेतली गाडी कोकणात बंद पाडायची असेल तर

‘आणि अचानक गाडी बंद पडली’ एवढ्यावर लेखकाची सुटका होते, वाचकाची होत नाही. कोकणातल्या वाचकाने कशेडी घाटात बॉनेट उघडून उभ्या गाड्यांची रांग पाहिलेली असते, पावसात ढकलगाडीला खांदा दिलेला असतो. त्याला लगेच प्रश्न पडतो: कशाने बंद पडली? गाडी बहुधा आधी काहीतरी सांगते. काटा चढतो, वास येतो, दिवा लागतो, आवाज बदलतो. आणि रस्त्यावर केलेली दुरुस्ती काहीतरी वसूल करून घेते: वेग, वेळ, नाहीतर नंतरचा मोठा खर्च. पूर्वसूचना आणि ही वसुली या दोन गोष्टी कथेत आल्या तर बिघाड खरा वाटतो.

लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी ठरवा.

पहिली, गाडी कुठल्या सालची. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि सुरुवातीची मारुती ८०० या कार्बोरेटरच्या गाड्या. पहिल्या दोघींच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्लगना ठिणगीचा करंट वाटून देणाऱ्या भागात, उघडझाप करणारे पॉईंट असायचे. त्या काडेपेटी, पक्कड आणि तारेवर चालू व्हायच्या. २००० नंतर विकल्या गेलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत इंजेक्शन आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) आहे. तिथे पॉईंट घासणारा मेस्त्री दाखवलात की कथा तिथेच बंद. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, त्यामुळे १९७८ च्या कथेत ती नको. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, म्हणून २०२५ च्या गणपतीत काळी-पिवळी पद्मिनी घेऊन कोणी गावी येणार नाही. रस्त्याचंही तसंच. आजचा ६६ नंबरचा हायवे जुन्या माणसांच्या तोंडी १७ नंबरच असतो, आणि कशेडीच्या बोगद्यातून गाड्या जायला लागल्या त्या २०२३ च्या गणपतीत. त्याआधीच्या कथेत पोलादपूरहून खेडला जाताना घाट चढावाच लागेल.

दुसरी, ऋतू. मे महिन्यात गाडी तापते, पावसात भिजते. एकच गाडी एकाच वळणावर या दोन महिन्यांत वेगवेगळ्या कारणांनी बंद पडते.

तिसरी, कथेला वेळ किती हवा. दहा मिनिटं हवी असतील तर सुटलेलं बॅटरीचं टर्मिनल पुरतं. तासभर हवा असेल तर फुटलेला होज पाईप. रात्रभर मुक्काम पाहिजे असेल तर क्लच प्लेट जाळा किंवा टायमिंग बेल्ट तोडा. मग गाडी टोईंगशिवाय हलणार नाही आणि पात्रांना कोणाच्या तरी पडवीत झोपावं लागेल.

मे महिना, चढ आणि रेडिएटर

कोकणातला सगळ्यात विश्वासार्ह बिघाड म्हणजे तापलेली गाडी. जागाही तशाच आहेत: फोंडा, करूळ, आंबा, कुंभार्ली, आंबोली. चढ मोठा, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, इंजिन जोरात पण वेग कमी, म्हणून समोरून वारा नाही. त्यात पाच माणसं, छतावर आंब्याच्या पेट्या आणि एसी चालू. घाट नको असेल तर राजापूर-रत्नागिरीकडचा एखादा सडा घ्या. मैलभर काळा कातळ, झाड नाही, आणि मे महिन्यात पऱ्या, म्हणजे ओढा, कोरडा. इथे गाडी तापली की पाणी मिळवणं हाच अर्धा प्रसंग होतो.

समजा इंजिनकडून रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पाईप फुटला. जुनं रबर टोकाशी, क्लिपच्या जवळ, चिरतं. खऱ्या आयुष्यात क्रम असा असतो:

१. काटा वर जातो, मग बॉनेटच्या फटीतून वाफ येते. कूलंट असेल तर गोडसर वास येतो. काही गाड्यांत पाणी पूर्ण गेलं की काटा उलट खाली येतो, कारण सेन्सरला पाणीच लागत नाही. नवखा ड्रायव्हर इथे फसतो, ‘थंड झाली’ म्हणून पुढे नेतो. कथेसाठी हा क्षण सोन्यासारखा आहे.

२. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. पाणी आहे पण नुसतं तापलंय, अशा वेळी इंजिन मंद चालू ठेवून पंख्याला काम करू देतात. पाईप फुटलाय म्हटल्यावर मात्र बंदच करावं लागतं.

३. अर्धा-पाऊण तास थांबायचं. रेडिएटरचं झाकण पाणी दाबाखाली ठेवतं, त्यामुळे ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडताक्षणी दाब जातो आणि तेच पाणी उकळत तोंडावर येतं. तुमच्या पात्राला भाजायचं नसेल तर शेजारून जाणाऱ्या टेम्पोवाल्याला ओरडू द्या: “झाकणाक हात लावू नकात, पाणी अंगार येतला!”

४. थंड झाल्यावर जाड फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवायचं, फुस्स आवाज संपू द्यायचा, मग काढायचं.

५. चीर टोकाशी असेल तर क्लिप सैल करून पाईप ओढायचा, चिरलेला दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा सुरीने कापायचा आणि उरलेला पाईप पुन्हा चढवून क्लिप आवळायची. स्क्रू ड्रायव्हर आणि आंबे कापायची सुरी, एवढंच सामान. चीर मधोमध असेल तर पाईप कोरडा पुसून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळायची, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर, चिरेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच पुढेपर्यंत, आणि टोकं तारेने आवळायची. इन्सुलेशन टेप इथे टिकत नाही. उष्णतेने गोंद पातळ होतो आणि टेप सरकते.

६. पाणी भरायचं. लहान गाडीला तीन-चार लिटर लागतं, जीप-सुमोला त्याच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे पाण्याची एक बाटली ओतून काम होत नाही. कोणाला तरी कळशी घेऊन विहिरीवर किंवा व्हाळावर जावं लागतं. इंजिन अजून गरम असेल तर ते चालू करून पाणी हळूहळू घालायचं. थंडगार पाणी एकदम ओतलं की हेड तडकू शकतं.

७. झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवर ठेवायचं, म्हणजे दाब साठत नाही आणि पट्टी उडत नाही. त्याची किंमत अशी की पाणी आता शंभर अंशांनाच उकळतं. मग हळू जायचं, एसी बंद, दर पाच-सहा किलोमीटरवर थांबून पाणी बघायचं. उताराला ठीक, चढाला पुन्हा तापणार.

रेडिएटरला टाचणीएवढं भोक असेल तर हळद. दोन-तीन चमचे पाण्यात कालवून ओतायची आणि इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं. हळदीचे कण भोकात अडकून बसतात. ही युक्ती देशभरातल्या ट्रकवाल्यांना ठाऊक आहे आणि ती चालते, पण फाटलेल्या पाईपला तिचा काही उपयोग नाही. शिवाय तोच गाळ बारीक नळ्यांतही बसतो. नंतर रेडिएटर धुणारा मेस्त्री ज्या शिव्या देतो त्या कथेत जरूर घ्या.

फॅन बेल्ट तुटला की पाश्चात्त्य कथांत बायकांचे नायलॉनचे मोजे काढतात. हर्णैच्या रस्त्यावर ते कुठून येणार? इथे मच्छीमारांची नायलॉनची दोरी असते. जुन्या गाडीच्या व्ही आकाराच्या पुलीवर ती दोन-तीन वेढे घेऊन घट्ट गाठ मारली तर कमी वेगात पाण्याचा पंप फिरतो. बॅटरी चार्ज होईलच असं नाही, म्हणून दिवे कमी वापरायचे. रात्रीच्या प्रसंगात याचा फायदा घ्या. गाठ पुलीवर दर फेरीला टकटक वाजते आणि शेवटी तिथेच दोरी तुटते. आजच्या गाडीतला रुंद, अनेक खाचांचा बेल्ट मात्र दोरीने होत नाही.

तापण्याचाच एक भाऊबंद फक्त जुन्या पेट्रोल गाडीचा. अ‍ॅम्बेसेडर-पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असायचा. घाट चढून गाडी चहाला थांबवली की बॉनेटखालच्या उष्णतेने पाईपमधल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप नुसती वाफ ओढत राहायचा. सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही. उपाय: पंपावर आणि पाईपवर ओलं फडकं, वीस मिनिटं थांबणं. यात पेट्रोलचा वास येत नाही. वास येत असेल तर ते उलटं दुखणं आहे, जास्त चोक ओढून इंजिन पेट्रोलने भरलंय. तेव्हा चोक आत ढकलून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारतात. लेखक या दोन्हींची हमखास गल्लत करतात. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असलेल्या आजच्या गाडीत वाफेची अडचण जवळजवळ उरलेली नाही.

पावसातली गाडी

जुलैच्या पावसात डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये ओल शिरली की करंट चुकीच्या वाटेने पळतो. आधी गाडी गचके देते, सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होतो, मग बंद. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसायची, वायरी पुसायच्या. कोरडं कापड शोधणं हाच इथे विनोद, कारण गाडीतलं सगळंच ओलं असतं. पॉईंट काळे पडले असतील तर काडेपेटीच्या खरखरीत बाजूने घासतात, मग त्यांतून स्वच्छ कागद ओढून भुकटी काढतात, आणि साधारण ०.४ मिलिमीटरची फट जाड व्हिजिटिंग कार्डाने मोजून स्क्रू आवळतात. कागद ओढायचा राहिला तर गाडी चालू होऊन चार किलोमीटरवर पुन्हा बंद. एका बिघाडात दोन प्रसंग हवे असतील तर हाच वापरा.

पाण्यात गाडी घालण्याचा प्रकार वेगळा आणि क्रूर आहे. जगबुडी, वाशिष्ठी, अर्जुना यांचं पाणी रस्त्यावर आलं की कोणीतरी ‘जाईल’ म्हणतोच. सायलेन्सर बुडाला म्हणून इंजिन चालू असेपर्यंत फारसं बिघडत नाही. धोका हवा ओढणाऱ्या तोंडातून पाणी आत जाण्याचा. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वाट मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारणं ही खरी चूक, आणि तुमचं उतावीळ पात्र ती नक्की करेल. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लग काढून सेल्फ फिरवला तर भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात. रॉड शाबूत असतील तर प्लग सुकवून गाडी सुरू होऊ शकते. डिझेलचं हे काम रस्त्यावर होत नाही. आणि वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी सरकायला लागते, तेव्हा नायकाला मोरीवर गाडी घालायला लावताना विचार करा.

वायपर बंद पडला तर दोन माणसं दोन खिडक्यांतून दोरी ओढून तो हलवू शकतात. एकटा ड्रायव्हर विडीतली तंबाखू काचेवर चोळतो, मग पाण्याचे थेंब न होता सपाट पातळ थर उतरतो आणि समोरचं दिसतं. फ्यूज उडाला असेल तर रेडिओचा किंवा दुसरा बिनमहत्त्वाचा, तेवढ्याच अँपियरचा फ्यूज काढून लावायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारेही असतात. त्याने दिवे लागतात आणि कधीकधी वायरिंग पेटतं.

समुद्रकाठच्या गाड्यांना बारा महिने एक रोग असतो: खारी हवा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी, अर्थिंगची पट्टी गंजलेली. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’. दिवे मंद झाले तर बॅटरी किंवा टर्मिनल. दिवे झगझगीत राहिले तर बहुधा सेल्फ अडकलाय, त्यावर पान्याने दोनदा ठोकायचं. टर्मिनल गरम पाण्याने धुवून सुरीने खरवडायचं, सैल बसत असेल तर फटीत खिळा ठोकायचा. ढकलून चालू करायची तर दुसऱ्या गिअरवर, धावण्याएवढा वेग आल्यावर क्लच सोडायचा. इंजेक्शनच्या गाडीला ईसीयू आणि पंपासाठी बॅटरीत थोडा तरी जीव लागतो. पूर्ण मेलेल्या बॅटरीवर ती ढकलून चालू होत नाही. ऑटोमॅटिक तर नाहीच. दाभोळच्या फेरीबोटीतून उतरायच्या वेळीच सेल्फने ‘टक्’ केलं, मागे दहा गाड्या हॉर्न वाजवतायत, अशा जागी हा किरकोळ बिघाड मोठा होतो.

डिझेलने एअर घेतली

जुनी जीप, सुमो, ट्रॅक्स, खडी वाहणारे डंपर. डिझेल संपलं, कॅनमधून पाच लिटर आणून ओतलं, तरी गाडी चालू होत नाही, कारण पाईपमध्ये हवा आहे. फिल्टरवरचा ब्लीडिंगचा स्क्रू दोन आटे सैल करायचा, हँड पंप दाबत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आल्यावर हँड पंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा. हात सोडला की पुन्हा हवा आत. हातावर डिझेलचा वास दोन दिवस राहतो. सारखी एअर घेत असेल तर एखादं तांब्याचं वॉशर गेलेलं असतं. नव्या कॉमन रेल डिझेलमध्ये इंजेक्टरचा पाईप चालू इंजिनवर सैल करणारं पात्र दाखवू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढचा असतो, धार कातडीत घुसते.

वायर तुटणं

जुन्या ८०० आणि ओम्नीची क्लच वायर तुटते. पेडल फरशीला चिकटतं. हिला दुरुस्ती नाही, पण चालवण्याची रीत आहे: पहिल्या गिअरमध्येच किल्ली मारायची, गाडी गचका देत सुटते. पुढचे गिअर इंजिनचा वेग जुळवून, अ‍ॅक्सिलरेटर सोडता-सोडता ढकलायचे. थांबायचं तर आधी न्यूट्रल. सपाट रस्त्यावर वीस किलोमीटर जाता येतं. सावंतवाडीच्या बाजारात शनिवार संध्याकाळी नाही. अ‍ॅक्सिलरेटरची वायर तुटली तर कार्बोरेटरला दोरी बांधून ती बॉनेटच्या फटीतून खिडकीत आणतात. एकजण स्टिअरिंगवर, दुसरा दोरीवर. भांडण झालेल्या नवरा-बायकोला हा बिघाड द्या.

जांभ्याचा दगड

पाणंदीत मधोमध वर आलेला जांभ्याचा सुळका टाकीला किंवा इंजिनखालच्या सम्पला, म्हणजे ऑइल साठणाऱ्या भांड्याला, लागतो. पेट्रोलची टाकी गळत असेल तर कपडे धुण्याची साबणवडी. थोडं पाणी लावून मळायची आणि चिरेत दाबून भरायची. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, एक-दोन दिवस टिकतो. विडी ओढणाऱ्याला लांब पाठवा. सम्पला मात्र साबण चालत नाही, गरम ऑइलने तो निसटतो. एम-सील दोन्ही भाग सारखे मळून लावतात, पण पृष्ठभाग तेलकट असेल तर ते चिकटतच नाही. आधी उरलेलं ऑइल भांड्यात काढून घ्यायचं, पेट्रोलच्या फडक्याने पुसायचं, लावल्यावर तासभर तरी हात लावायचा नाही. ऑइलचा लाल दिवा लागल्यावरही गाडी पुढे नेलीत तर काही मिनिटांत बेअरिंग धरतं. इंजिन ठोके देतं आणि थांबतं.

टायरबद्दल थोडक्यात. ट्यूबलेसच्या तळव्यात खिळा असेल तर स्ट्रिप घालून दहा मिनिटांत काम होतं. जांभ्याने बाजूची भिंत कापली तर स्ट्रिप धरत नाही. स्टेपनीही बसलेली असेल तर टायरमध्ये भाताचा पेंढा ठासून चालण्याच्या वेगाने दोन-तीन किलोमीटर जाता येतं. नट हरवले तर बाकीच्या तीन चाकांचा एकेक नट काढून लावा. पावसात जॅक मातीत रुततो, त्याखाली फळी लागते.

वाळू आणि भरती

किनाऱ्यावर गाडी रुतवणार असाल तर पंचांग उघडा. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास, आणि तेव्हाच उधाण. ओहोटीपासून पूर्ण भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ असतो, दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. पौर्णिमेच्या रात्री बारा वाजता ओहोटीच्या वाळूत गाडी फिरवणारा नायक लिहिलात तर मालवणचा वाचक हसेल.

सुटायचं कसं? अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका, चाक फिरून गाडी पोटावर बसते. टायरची हवा तीसवरून पंधरा-अठरा पीएसआयवर आणा, चाकांपुढची वाळू हाताने उपसा, खाली झावळ्या, गोणपाट किंवा फळ्या घाला, आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे जा. होडी ओढायची दोरी आणि आठ माणसं मिळाली तर उत्तम. खारं पाणी ब्रेक ड्रममध्ये शिरलेली गाडी सुटली तरी महिन्याभरात कुरकुरायला लागते.

ब्रेक फेल

हा सगळ्यात जास्त वापरलेला आणि सगळ्यात चुकीचा लिहिलेला बिघाड. खलनायक पाईप कापतो, गाडी घाटात पोचते आणि मगच ब्रेक जातात? कापलेल्या पाईपातून ऑइल पहिल्याच दाबाला अंगणात सांडतं. शिवाय आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक गेली तरी अर्धे ब्रेक उरतात. पेडल खोल जातं, एवढंच. हँडब्रेक तर बहुतेक गाड्यांत वायरवर, वेगळाच.

पटणारा प्रकार असा: आंबोली उतरताना ड्रायव्हर न्यूट्रलवर किंवा वरच्या गिअरवर, सतत ब्रेक दाबून. जळका वास, मग पेडल मऊ. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ ऑइल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा घेतल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत येते. दमट कोकणात तीन-चार वर्षं न बदललेलं ऑइल म्हणजे आयतं कारण. उकळलं की पाईपमध्ये वाफ, आणि वाफ दाबली जाते. सुटका: पेडल भराभर पंप करणं, गिअर एकेक करून खाली आणणं, हँडब्रेक थोडा-थोडा ओढणं, शेवटी डोंगराकडच्या गटारात चाक घालणं. अर्ध्या तासात ब्रेक परत येतात, त्यामुळे ‘काही झालंच नव्हतं’ असं म्हणणारं पात्रही खरं वाटतं.

मदतीला कोण येतं, तेही बिघाडाला धरून ठेवा. मासळीच्या टेम्पोत नायलॉनची दोरी, बर्फ आणि घाई असते. चिऱ्याच्या ट्रकमध्ये मोठा जॅक, लाकडी ठोकळे आणि सांगडायला साखळी. एसटीचा ड्रायव्हर थांबला तर बिघाड पाच मिनिटांत ओळखेल, पण गाडीतले पन्नास प्रवासी खिडकीतून बघतायत म्हणून हात काळे करणार नाही. तो पुढच्या नाक्यावरच्या गॅरेजला निरोप देईल. रिक्षावाला क्लच वायरचा जाणकार. आणि गॅरेजवाला मेस्त्री आलाच तर स्कूटरवरून, पिशवीत चार पाने घेऊन येतो, आधी तुमच्या पात्राने गुंडाळलेली पट्टी काढतो आणि मग विचारतो, “हे कोणी केलं?”